पाकिटावर नाव, हिशेबावर पडदा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे एकेका चर्चच्या सभासद-समुदायांत, देणगीसाठी होणाऱ्या सक्तीबद्दल मराठी वृत्तपत्रांत फारसे छापून येत नाही. बाहेरच्यांना चर्च दिसते ते बहुतेक धर्मांतराच्या वादापुरते, आणि आतले लोक 'घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला' म्हणून गप्प बसतात. या दोहोंत अडकतो तो दर रविवारी दानाच्या थैलीत नोट टाकणारा माणूस. आम्ही मंडळ्यांचे जमाखर्च लिहिणारी आणि तपासणारी माणसे आहोत. आमचे म्हणणे एवढेच आहे की, देणाऱ्याची रक्कम झाकलेली असावी आणि घेणाऱ्याचा हिशेब उघडा. आज बऱ्याच ठिकाणी नेमके उलटे चालते, आणि सक्ती तिथूनच सुरू होते.

सक्ती करायला कोणी घरी येऊन दमदाटी करत नाही. वार्षिक अहवालाच्या मागच्या पानांवर कुटुंबप्रमुखाच्या नावापुढे बारा महिन्यांचे बारा रकाने असतात. ज्याने दिले नाही त्याच्या रकान्यात आडवी रेघ. ती रेघ शेजारी वाचतो, व्याही वाचतो, मुलीला बघायला येणारे पाहुणेही वाचतात. दशमांशाची, म्हणजे कमाईच्या दहाव्या हिश्शाची, पाकिटे नाव छापून घरोघर दिलेली असतात; थैली फिरताना ज्याच्या हातात पाकीट नाही तो सगळ्या बाकाला दिसतो. विशेष सभेत पाहुणे वक्ते आधी दहा हजार देणाऱ्यांना उभे राहायला सांगतात, मग पाच, मग दोन, मग एक. शेवटी बसून राहतात त्या दोन-चार विधवा, पेन्शनीवरचे म्हातारे आणि हातावर पोट असलेले. हंगामाच्या सणाला, ज्याला बहुतेक जण हार्वेस्टच म्हणतात, लिलावात एक अंडे पाचशेला जाते, घेणारा ते परत देतो आणि पुन्हा बोली लागते. यात मजा आहे, ज्याच्याकडे आहे त्याने ती जरूर करावी. पण पुकारणारा माइकवरून 'अमके बंधू आज गप्प का?' असे म्हणतो, तेव्हा त्या बंधूंच्या खिशाची झडती सगळ्यांदेखत झालेली असते.

आता दशमांश. कमाईचा दहावा हिस्सा असे सांगतात. पण दहावा हिस्सा कशाचा, यावर प्रवचनात कोणी थांबत नाही. नगरकडचा कांदेवाला घ्या. धरा, शंभर क्विंटल माल आणि बाराशेचा भाव. पट्टी, म्हणजे मालविक्रीची रक्कम, झाली १,२०,००० रुपयांची. हमाली, तोलाई, गाडीभाडे, बारदान, रोप, खत, औषध, लागवड आणि काढणीची मजुरी मिळून ८५,००० गेले, हातात राहिले ३५,०००. पट्टीवर दशमांश काढला तर १२,००० होतात, म्हणजे हातातल्या पैशाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त. भाव सातशेवर घसरला तर पट्टी ७०,०००ची, तोटा १५,०००चा, आणि दशमांश तरीही ७,०००. पगारदाराला तोट्यातून दशमांश द्यावा लागत नाही, शेतकऱ्याला लागतो. पगारदारांतही पंधरा हजारवाल्याकडे दीड हजार देऊन साडेतेरा उरतात, तेवढ्यात खोलीभाडे आणि शाळेची फी. दीड लाखवाल्याकडे एक लाख पस्तीस हजार उरतात. टक्का सारखा असला तरी ओझे सारखे नसते.

अलीकडे जानेवारीत 'पहिले फळ' म्हणून महिन्याचा सगळा पगार मागण्याची पद्धत काही स्वतंत्र मंडळ्यांत आली आहे. हिशेब करून पाहा: बारा पगारांपैकी एक पूर्ण आणि उरलेल्या अकरांचा दशमांश, एकूण २.१ पगार. वर्षाच्या कमाईच्या साडेसतरा टक्के. शिवाय जानेवारीचा किराणा उधारीवर.

पवित्र शास्त्रात दशमांश आहे, हे खरेच. पण तो काय होता तेही तिथेच लिहिले आहे. तो धान्य, द्राक्षारस, तेल आणि गुराढोरांचा होता. 'गणना' या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात तो लेव्यांना, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशाला, दिला आहे, कारण त्यांना जमिनीत वाटा नव्हता. 'अनुवाद' या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात तर तो घरच्यांनी देवासमोर बसून खायचा आहे. वाट लांबची असेल तर विकून पैसा न्यायचा आणि तिथे मनाला येईल ते घेऊन जेवायचे. दर तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवायचा: लेवी, परके, अनाथ आणि विधवा यांनी खाऊन तृप्त व्हावे म्हणून. आज जिच्या नावापुढे रेघ ओढली जाते, त्या विधवेला तो मिळायचा होता. हे वचन दशमांशाच्या पाकिटावर छापलेले आमच्या तरी पाहण्यात नाही.

छापतात ते मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकातले ३:१०, 'सगळा दशमांश भांडारात आणा', आणि 'देवाला लुटता' हे दोन वचने आधीचे शब्द प्रवचनात येतात. त्याच मलाखीचा दुसरा अध्याय याजकांना खडसावण्याने सुरू होतो, तो सहसा वाचला जात नाही. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पाठवलेल्या दुसऱ्या पत्रात ९:७ला तर स्पष्टच म्हटले आहे की, ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, भाग पडते म्हणून देऊ नये. पहिल्या पत्राच्या शेवटी त्याने सांगितले की, प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावे, म्हणजे मी आल्यावर वर्गण्या गोळा करत बसायला नको. पाहुण्या वक्त्याच्या सभेत भावनेच्या भरात उभे करून आकडा वदवून घेणे याच्या अगदी उलट आहे. स्वखुशीने दशमांश देणारी कुटुंबे आहेत, अनेक मंडळ्या त्यांच्यावरच उभ्या आहेत, आणि त्यांच्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. वाद आहे तो नियम लावण्याबद्दल.

'बीज पेरा', म्हणजे पैसा पेरा आणि आशीर्वाद मिळवा, हा प्रकार याहून वाईट. आजार, नोकरी, व्हिसा, मूल होत नाही, कोर्टकज्जा, अशा प्रत्येक अडचणीला एक आकडा सांगायचा. गुण आला तर बीजाचा. नाही आला तर देणाऱ्याचा विश्वास कमी पडला, आता मोठे बीज पेरा. घेणाऱ्याला तोटा होईल असा एकही रस्ता या मांडणीत ठेवलेला नाही. यासाठी बायका मंगळसूत्र गहाण टाकून गोल्ड लोन काढतात, नाहीतर मायक्रोफायनान्सचे कर्ज उचलतात, ज्याचा हप्ता दर आठवड्याला दारात येतो. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे आणि त्यांच्या प्रसारातून लोकांना फसवणे हा गुन्हा आहे. तो सर्व धर्मांना लागू आहे. प्रार्थना करणे गुन्हा नाही. बरे होण्याचा दर ठरवला की मात्र गोष्ट वेगळी होते.

मंडळी चालवायला पैसा लागतो, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पूर्वी परदेशी मिशनमधून काही भार उचलला जाई. विदेशी अंशदान (परदेशी देणगी) कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर असा पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच घ्यावा लागतो आणि एका संस्थेने दुसरीला देता येत नाही; त्यामुळे वरून खाली झिरपणारा ओघ आटला आणि भार बाकांवर आला. जाता जाता: आखातात नोकरी करणारा भारतीय पासपोर्टवाला मुलगा आपल्या कमाईतून बँकेमार्फत मंडळीला पाठवतो तो पैसा विदेशी अंशदान नाही, पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले त्याचा आहे, मग तो जन्माने शेवगावचा का असेना. हा फरक न कळल्याने खजिनदार अडचणीत येतात.

म्हणून मागण्याआधी अंदाजपत्रक मांडा. ऐंशी कुटुंबांची मंडळी धरा. पाळकांचे (पास्टरांचे) मानधन महिना २०,००० म्हणजे वर्षाला २,४०,०००. वॉचमन ७२,०००. वीज-पाणी ३६,०००. दुरुस्ती ६०,०००. धर्मप्रांताचा किंवा संघाचा वाटा ६०,०००. शब्बाथ शाळा, प्रभुभोजनाचे साहित्य, छपाई २४,०००. लेखापरीक्षण ८,०००. बेरीज पाच लाख. दर कुटुंबामागे वर्षाला ६,२५०, महिन्याला सव्वापाचशेच्या आत. त्याच ऐंशी घरांची सरासरी मिळकत वीस हजार धरून दशमांश काढला तर वर्षाला १९,२०,००० होतात. वरचे चौदा लाख वीस हजार कशासाठी, हे विचारण्याचा हक्क सभासदाला आहे. गोरगरिबांसाठी, दवाखान्यासाठी, मुलांच्या फीसाठी असतील तर तसे लिहा, लोक आनंदाने देतील. आमचा अनुभव असा की, कागद हातात आला की वर्गणी वाढते, आणि पाच घरांना जमणार नसेल तर सहावे घर न बोलता भर घालते. देणाऱ्याची नावे खजिनदाराच्या वहीत राहू द्या. पाकिटावर नावाऐवजी क्रमांक असावा, अहवालात फक्त एकूण रक्कम, आणि कोणी किती दिले हे पाळकांना कळूच नये. आजाऱ्याला भेटायला जाताना त्यांच्या डोक्यात आकडा नसलेला बरा.

मोजणी कशी होते ते आता जवळून पाहू, कारण गडबड बहुतेक इथे होते. उपासना संपते, थैल्या वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत, जातात, खजिनदार एकटा मोजतो, बुधवारी वीजबिल त्यातूनच भरतो, उरलेले बँकेत. यात चोरी झाली असेलच असे नाही, पण झाली नाही हे दाखवायला काही उरत नाही. बरोबर पद्धत अशी: थैल्या सगळ्यांसमोर टेबलावर ठेवायच्या. एकमेकांचे नातेवाईक नसलेले दोघे मोजणार, दर महिन्याला जोडी बदलणार. छापील मोजणीपत्रकावर ५००, २००, १००, ५०, २०, १० आणि नाणी असे वेगळे लिहायचे. सुटे दान, पाकिटे, उपकारस्तुती, विशेष निधी यांचे रकाने वेगळे. दोघांच्या सह्या, कार्बन प्रत, शाईने खोडाखोड नाही. चूक झाली तर आडवी रेघ मारून वर नवा आकडा आणि दोघांची आद्याक्षरे. सोमवारी सगळीच्या सगळी रक्कम बँकेत. एक रुपयाही परस्पर खर्चायचा नाही. किरकोळ खर्चाला वेगळी पेटी, तीत ठरलेली पाच हजारांची मर्यादा, संपली की पावत्या देऊन चेकने भरायची. मग मोजणीपत्रकाचा आकडा आणि बँकेच्या भरणा-स्लिपचा आकडा जुळलाच पाहिजे. जुळला नाही तर तोच रविवार हाताशी लागतो, वर्षभर शोधत बसावे लागत नाही. पौलानेही जेरुसलेमच्या गरिबांची मदत एकट्याने नेली नाही; कोणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला.

क्यूआर कोडचा घोळ नवा आहे. भिंतीवरचा कोड स्कॅन करून आधी एक रुपया पाठवा आणि स्क्रीनवर येणारे नाव वाचा. न्यासाचे नाव आले तर ठीक. पाळकांचे, त्यांच्या पत्नीचे किंवा 'मिनिस्ट्रीज' जोडलेले कोणाचे वैयक्तिक नाव आले, तर तुम्ही चर्चला नव्हे, त्या माणसाला भेट दिलीत. नात्याबाहेरच्यांकडून वर्षात ५०,०००च्या वर आलेल्या भेटी त्याच्या उत्पन्नात धरल्या जातात, आणि त्या पैशावर मंडळीचा हक्क सांगता येत नाही. न्यास नोंदलेला आहे का ते क्रमांकावरून कळते. महाराष्ट्रात ख्रिस्ती धार्मिक न्यासांचा क्रमांक बहुधा 'डी'ने सुरू होतो, सोसायटी म्हणून नोंद असेल तर 'एफ'ने. नोंदणी नसलेल्यांना वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. गणेश मंडळांना हे पाठ आहे. भाड्याच्या हॉलात भरणाऱ्या प्रार्थना-संगतींना कोणी सांगितलेले नसते. आणि 'आयकरात सूट मिळेल' या वाक्याला भुलू नका. केवळ एका धर्माच्या उपासनेसाठी असलेल्या न्यासाला देणगीदाराला करसूट देणारी मान्यता (८०जी म्हणून ओळखली जाणारी) मिळत नाही. केंद्राने अधिसूचित केलेल्या ऐतिहासिक चर्चच्या दुरुस्तीसारखे अपवाद आहेत. शाळेच्या किंवा दवाखान्याच्या न्यासाची पावती रविवारच्या दानासाठी फाडणे ही फसवणूक आहे. जिथे सूट आहे तिथेही दोन हजारांवरच्या रोखीला ती नाही.

इमारत निधीत सगळ्यात मोठी रक्कम गुंतते, आणि तिथे क्रम हमखास उलटा लागतो. आधी माइकवर आवाहन, मग कोनशिला, मग इंजिनीअर. मग भिंती लिंटेलपर्यंत येऊन थांबतात, सळया गंजतात, आणि दर नाताळाला 'छतासाठी' पुन्हा थैली फिरते. आधी सातबारा किंवा मालमत्तापत्रक न्यासाच्या नावावर आहे का ते पाहायचे, मग मंजूर नकाशा, सहीशिक्क्याचे एस्टिमेट, सभेचा ठराव, स्वतंत्र बँक खाते, आणि मगच आवाहन. दर तीन महिन्यांनी जमा, खर्च, शिल्लक सूचनाफलकावर. 'कर्ज काढलेय, आता फेडायला द्यावेच लागेल' असे सांगितले तर परवानगीचा कागद मागा: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०च्या कलम ३६अप्रमाणे विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय न्यासासाठी कर्ज काढता येत नाही, आणि कलम ३६प्रमाणे जागा विकताही येत नाही. इमारत निधी दुसरीकडे वळला की काय होते ते सिंगापूरच्या सिटी हार्वेस्ट चर्चने दाखवले. तिथे २.४ कोटी सिंगापूर डॉलर बनावट रोख्यांतून पाळकांच्या पत्नीच्या गायन-कारकिर्दीकडे वळवले गेले आणि ते झाकण्यासाठी आणखी २.६ कोटी फिरवले गेले. २०१५मध्ये संस्थापक काँग ही यांच्यासह सहा जण दोषी ठरले. अपिलात २०१७ला काँग ही यांची शिक्षा साडेतीन वर्षांवर आली. तिथेही लेखापरीक्षक होते. कागद पुरेसे नसतात, विचारणारी माणसे लागतात.

महाराष्ट्रातल्या न्यासांचे हिशेब ३१ मार्चला बंद होऊन सहा महिन्यांत तपासले जायला हवेत. ताळेबंद आणि जमाखर्चपत्रक धर्मादाय कार्यालयात दाखल होते, त्याची प्रत तिथे अर्ज करून मिळते. ती आणा, आणि मंडळीत वाटलेल्या अहवालाशी ताडून बघा. आधी 'मुदत ठेवी' आणि 'विश्वस्तांकडून येणे' या दोन ओळी पाहा.

कॅथलिक धर्मग्रामांची (पॅरिशची) रचना वेगळी आहे, पण वसई असो की मुंबई, नियम तेच, आणि लिखित आहेत. १९८३च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, कलम ८४८ सांगते की, संस्कारासाठी ठरवून दिलेल्या दानापलीकडे धर्मगुरूने काही मागू नये आणि गरीब म्हणून कोणी संस्काराला मुकू नये. मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीच्या, दानाबाबत कलम ९४७ व्यवहाराचा नुसता भासही टाळायला सांगते. ९५१प्रमाणे धर्मगुरू दिवसात कितीही मिस्सा करोत, नाताळ सोडून एकाच मिस्साचे दान स्वतःला ठेवू शकतात. कलम ५३७ने प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती सक्तीची आहे, १२६७ने ज्या हेतूने दिले त्याच हेतूला खर्च व्हायला हवे, आणि १२८७ने दिलेल्या दानाचा हिशेब श्रद्धावंतांना द्यायचा आहे. आर्थिक समितीत कोण आहे हे धर्मग्रामातल्या किती जणांना सांगता येईल, याची आम्हाला शंकाच आहे.

शेवटचा मुद्दा दाखल्यांचा. बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नासाठीचे ना-हरकत पत्र, कबरस्तानातली जागा, यांपैकी काही हवे असले की वहीतल्या रेघा मोजल्या जातात आणि 'आधी थकबाकी भरा' सांगितले जाते. भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, १८७२च्या कलम ७९प्रमाणे लग्नाची नोंदवही ज्याच्या ताब्यात आहे त्याने ठरलेली फी घेऊन नोंदीची प्रमाणित नक्कल द्यायचीच आहे. तिथे वर्गणीचा संबंध येत नाही. मृत्यूच्या दिवशी कोणी भांडत नाही, हे मागणाऱ्यालाही माहीत असते. घरच्यांनी त्या दिवशी भरून टाकावे हेच बरे. फक्त पावती मागताना रक्कम कशापोटी घेतली ते त्यावर लिहून मागा: 'दफनापूर्वी वसूल केलेली थकबाकी'. पावतीपुस्तकाची स्थळप्रत लेखापरीक्षकाकडे जाते. बहुतेक खजिनदार ते शब्द लिहायला तयार होत नाहीत, आणि रक्कमही मग मागत नाहीत.

आपले,
मंडळ्यांचे हिशेब लिहिणारे व तपासणारे काही वाचक,
अहिल्यानगर